पाहून रेखाटायला शिकवणारे पुस्तक कसे निवडावे: बडोद्यातल्या नवशिक्यांसाठी

समोरची वस्तू पाहून काढायला शिकायचे म्हणून पुस्तक घेतले जाते. सहा महिन्यांनी त्या पुस्तकातली मांजर, होडी, झोपडी हुबेहूब काढता येते. घरातला तांब्या मात्र अजून वाकडाच येतो. हाताला दोष देऊन उपयोग नाही. पुस्तकाने नक्कल शिकवली, हाताने ती शिकून घेतली. पाहण्याचा सराव त्या पुस्तकात नव्हताच.

म्हणून पुस्तक घेताना एक गोष्ट धरून बसायची: सराव करताना ते तुमचे डोळे वस्तूवर खिळवून ठेवते का. खालचे टप्पे क्रमानेच करा. बहुतेक जण तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करतात आणि तिथेच फसतात.

टप्पा १: दुकानात जाण्याआधी तीन रेखाटने

आपले नेमके कुठे चुकते हे कळल्याशिवाय पुस्तक निवडता येत नाही. त्यासाठी ए-३ आकाराचे तीन कार्ट्रिज कागद, एक २बी पेन्सिल, ड्रॉइंग बोर्ड आणि चार क्लिपा पुरतात. खोडरबर या वेळी दूर ठेवा. चुका कागदावर राहायला हव्यात, त्याच तर वाचायच्या आहेत.

पहिले रेखाटन हात नसलेल्या लाकडी खुर्चीचे. ती तिरकी ठेवा आणि तिच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर बसा. खुर्ची ९० सेंटिमीटर उंच असेल तर हे अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास येते. खोलीत एवढी जागा नसेल तर ओटल्यावर किंवा गच्चीत ठेवा. जवळ बसलात तर खुर्चीचे वरचे टोक पाहताना मान वर जाते, पाय पाहताना खाली येते, आणि दोन वेगळी दृश्ये एकाच कागदावर उतरतात. दुसरे रेखाटन तांब्या आणि चहाचा कप यांचे. उजेड एकाच खिडकीतून, बाजूने. तिसरे स्वतःच्या मोकळ्या हाताचे, बोटांत किल्ली किंवा चमचा धरून.

प्रत्येकाला ४० मिनिटे द्या. तीन वेगळ्या दिवशी केलीत तरी चालेल. खुर्चीच्या पायांभोवती आणि तुमच्या बैठकीच्या जागी खडूने खुणा करून ठेवा, कारण सहाव्या टप्प्यात हीच खुर्ची याच जागेवरून पुन्हा काढायची आहे.

*सावधान:* फोनवर फोटो काढून त्यावरून रेखाटू नका. तीन मितींची वस्तू सपाट करण्याचे काम फोटोत आधीच झालेले असते, आणि तेच तर तुम्हाला शिकायचे आहे.

टप्पा २: रेखाटने वाचा

दुसऱ्या दिवशी तिन्ही कागद भिंतीवर उभे लावा आणि दोन मीटरवरून पाहा. पुढच्या खुणा शोधा.

खुर्चीचे चारही पाय एकाच आडव्या रेषेवर टेकले आहेत, किंवा बैठक वरून पाहिल्यासारखी चौकोनी दिसते. याचा अर्थ पेन्सिलीने माप घेण्याचा आणि तिरकस रेषांचे कोन पाहण्याचा सराव हवा.

तांब्याचे तोंड लिंबाच्या फोडीसारखे दोन्ही बाजूंना टोकदार आले आणि बूड सरळ रेषेत आले. ही चूक जवळजवळ प्रत्येकाची होते. भांडे टेबलावर नीट बसले आहे हे मनाला ठाऊक असते, म्हणून हात बूड सपाट ओढतो. खरे तर बूड डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली असते, त्यामुळे त्याच्या वर्तुळाचे लंबवर्तुळ तोंडाच्या लंबवर्तुळापेक्षा जास्त फुगीर दिसते. लंबवर्तुळांवर नीट धडा असलेले पुस्तक पाहा.

हाताची सगळी बोटे पूर्ण लांबीची आली, अगदी आपल्या दिशेने वळलेले बोटसुद्धा. इथे बाह्यरेषेचा संथ सराव लागतो.

रेषा तुटक, केसाळ आहेत. नजर कागदावर जास्त आणि वस्तूवर कमी गेली, असे समजा.

सगळीकडे एकच करडा रंग आहे. हा छायाप्रकाशाचा दोष. तो शेवटी हाताळायचा, आधी नाही.

पहिल्या चारांपैकी दोन जरी सापडले तरी पहिले पुस्तक पाहण्याचे सराव देणारेच घ्या. शेडिंगच्या पुस्तकाचा मोह होतो, कारण त्यातली चित्रे देखणी असतात. पण प्रमाण चुकलेल्या तांब्यावर कितीही सुंदर छटा दिल्या तरी तो चुकलेलाच राहतो, आणि गडद छटेखालची रेषा दुरुस्त करणेही अवघड होऊन बसते.

*तपासा:* तुमचा मुख्य दोष एका वाक्यात कागदाच्या मागे लिहिला का? ते वाक्य घेऊनच पुढे जा.

टप्पा ३: पुस्तकांच्या जाती ओळखा

दुकानात सगळी एकाच फळीवर, ‘चित्रकला शिका’ या एकाच पाटीखाली असतात. त्यांची कामे मात्र निराळी.

*पाहण्याचे सराव देणारी.* तुम्हाला हवी ती ही. बेटी एडवर्ड्स यांचे ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ (१९७९) यातले सर्वांत ओळखीचे. चित्र उलटे ठेवून काढणे, वस्तूंमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढणे, कागदाकडे न पाहता बाह्यरेषा काढणे असे सराव त्यात आहेत आणि घरी एकट्याने शिकणाऱ्याला ते झेपतात. मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंची त्यातली मांडणी आजचे मेंदूशास्त्र तशी मान्य करत नाही. ती पाने भरभर वाचून सरावांकडे वळा. जुनी आवृत्ती मिळाली तरी पाया तोच आहे.

किमॉन निकोलाइडिस यांचे ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ त्यांच्या मृत्यूनंतर १९४१ साली आले. त्यात प्रत्येकी १५ तासांची २५ वेळापत्रके आहेत, म्हणजे एकूण ३७५ तास. यापेक्षा कडक आणि प्रामाणिक पुस्तक क्वचितच सापडेल. मात्र त्यातला मोठा भाग समोर बसलेल्या माणसावर उभा आहे, आणि रोज तास-दीड तासही देता येणार नसेल तर ते अर्ध्यात सुटते. वेळ असलेल्याने जरूर घ्यावे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने आधी दुसरे घ्यावे.

*जुनी, विचार समजावणारी.* जॉन रस्किन यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ (१८५७) आणि हॅरल्ड स्पीड यांचे ‘द प्रॅक्टिस अँड सायन्स ऑफ ड्रॉइंग’ (१९१३). दोन्ही आंतरजालावर कायदेशीररीत्या मोफत वाचता येतात. रस्किन पहिल्याच सरावात एक चौकोन पेनच्या रेघांनी एकसारखा करडा करायला लावतात आणि थोड्याच पुढे एक दगड समोर ठेवतात. इंग्रजी जड आहे. पहिले पुस्तक म्हणून नको, सोबतीला ठेवा.

*रचना करून काढायला शिकवणारी.* गोल, नळकांडी, ठोकळे जोडून मनाने आकृती उभी करायची. अँड्र्यू लूमिस यांचे आकृतिचित्रणाचे १९४३ सालचे पुस्तक या जातीचे. ते व्यावसायिक चित्रकारांसाठी लिहिलेले आहे आणि त्या कामात तोड नाही. पण समोरची खुर्ची पाहायला ते शिकवत नाही. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण पाने चाळताना हेच पुस्तक सर्वांत ‘शिकवणारे’ वाटते.

*नमुन्यांची.* पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन, झाला हत्ती. चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीची बऱ्याचशा पुस्तिकाही याच वळणाच्या असतात. परीक्षेला त्या लागतील, निरीक्षणाला नाहीत. फोटोवर चौकटी आखून तो मोठा करायला शिकवणारी पुस्तकेही यातच धरा.

*एका विषयाची.* झाडे, इमारती, शरीररचना, यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह). ही नंतरची.

टप्पा ४: वीस मिनिटांची तपासणी

विकत घेण्याआधी पुस्तक हातात घ्या. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात (स्थापना १९१०) कलाविभागाची फळी विचारा. घरात कोणी विद्यापीठात शिकत असेल तर हंसा मेहता ग्रंथालयाची यादी पाहायला सांगा. हवे ते पुस्तक नसेल तर त्या जातीचे जे असेल ते घेऊन बसा. तपासायची सवय लागली की ऑनलाइन दिसणाऱ्या नमुना पानांवरूनही अंदाज येतो.

१. पहिले दहा सराव काढा. ‘वस्तू समोर ठेवा’ असे किती सांगतात आणि ‘हे चित्र उतरवा’ असे किती, ते मोजा. दहापैकी निदान सहा वस्तूवर हवेत. सुरुवातीला एखाद-दुसरी नक्कल असायला हरकत नाही. उलट्या चित्राचा सराव नक्कलच असतो, पण तो पुढच्या पाहण्याची तयारी करून घेतो.

२. एक सराव पूर्ण वाचा. कुठे बसायचे, उजेड कुठून, किती वेळ, कागद केवढा, नजर कुठे ठेवायची, हे लिहिले आहे का? ‘निरीक्षण करा आणि काढा’ एवढेच असेल तर पुस्तक खाली ठेवा.

३. माप घेण्याचे पान शोधा. या एका पानावर लेखकाची परीक्षा होते. हात पूर्ण सरळ, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल समोरच्या अदृश्य काचेला टेकवल्यासारखी आडवी किंवा उभी, हे चारही सांगितलेले असावे. कोपराचा उल्लेख नसेल तर शिकणारा हात वाकवतो. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवरची पेन्सिल ५० वर आली की माप सहाव्या भागाने कमी भरते, आणि खुर्चीची पाठ तिच्या पायांशी जुळेनाशी होते.

४. चुकलेली रेखाटने छापली आहेत का? शिकणाऱ्यांची अगदी साधी, सुरुवातीची कामे आहेत का? नुसती लेखकाची तयार चित्रे असतील तर ते प्रदर्शन झाले. चूक आणि दुरुस्ती शेजारी-शेजारी दाखवणारे एक पान दहा सुंदर चित्रांपेक्षा जास्त शिकवते.

५. क्रम पाहा. बाह्यरेषा, रिकाम्या जागा, माप व कोन, मग छायाप्रकाश असा तो साधारण असावा. जेश्चर, म्हणजे अर्ध्या-एक मिनिटात पूर्ण हालचाल पकडणे, काही पुस्तकांत अगदी आधी येते, तेही चालते. छायाप्रकाश पहिल्या प्रकरणात असेल तर मात्र थांबा.

६. शेवटची सूची उघडा. काँटूर (बाह्यरेषा), निगेटिव्ह स्पेस (रिकामी जागा), सायटिंग (पेन्सिलीने माप व कोन घेणे), प्रपोर्शन (प्रमाण), इलिप्स (लंबवर्तुळ), व्हॅल्यू (छटेचा गडद-फिकेपणा) यांपैकी निदान चार शब्द तिथे सापडावेत. टप्पा दोनमध्ये लिहिलेल्या तुमच्या दोषावर किती पाने आहेत तेही इथेच कळते. दोन पाने असतील तर हे तुमचे पुस्तक नाही, मग इतरांनी कितीही वाखाणले असो.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. सरावांच्या सूचना छोट्या आज्ञार्थी वाक्यांत असतात आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. प्रस्तावना कळली नाही तरी अडत नाही, सराव कळला पाहिजे.

टप्पा ५: छपाई आणि बांधणी

पुस्तकात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटांची पट्टी छापलेली असते. खिडकीपाशी नेऊन ती पाहा. शेजारच्या दोन चौकोनांत फरक दिसत नसेल तर छपाई खराब आहे, आणि छायाप्रकाशाची प्रकरणे निरुपयोगी. झेरॉक्स प्रतींत हेच होते: मधल्या छटा उडतात, सावल्यांचे काळे डबके बनते. निव्वळ रेषेच्या सरावांपुरती अशी प्रत चालून जाते, पण पायरेटेड प्रतीवर खर्च करण्याऐवजी चांगल्या अवस्थेतले जुने पुस्तक शोधा.

फोनवरच्या पीडीएफमध्ये चित्र बोटाने मोठे केले की पूर्ण आकृतीचे प्रमाण नजरेआड जाते. पीडीएफ मजकुरासाठी ठेवा. आकार साधारण ए-४च्या जवळचा घ्या आणि शिवण बांधणी मिळाली तर तीच. नुसत्या डिंकाच्या बांधणीची पाने लवकर सुटतात.

टप्पा ६: आठवडाभराची चाचणी

शक्य असेल तर ग्रंथालयाच्या प्रतीवर, नाहीतर मोफत मिळालेल्या प्रकरणावर ही चाचणी करा.

पहिला दिवस फक्त वाचनाचा. एका सरावाच्या सूचना स्वतःच्या मराठीत पाच ओळींत एका कार्डावर लिहा. पाच ओळी लिहिता आल्या नाहीत तर प्रकरण पुन्हा वाचा. दुसऱ्यांदाही जमले नाही तर पुस्तक एकट्याने शिकण्याजोगे नाही.

दुसरा ते सहावा दिवस रोज ४५ मिनिटे तोच सराव, वस्तू रोज वेगळी. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा, कार्ड बोर्डाला लावा. पुस्तक मांडीवर उघडे ठेवून काढणे ही सर्वांत मोठी चूक. नजर वस्तूवरून छापील चित्राकडे घसरते आणि लेखकाची रेषा तुमच्या कागदावर येते.

सातव्या दिवशी खडूच्या खुणांवर खुर्ची ठेवून ती पुन्हा काढा.

*तपासा:* दोन्ही खुर्च्या शेजारी लावा. सुंदर कुठली, हे विचारू नका. कागदाच्या मागे लिहिलेला तो एक दोष कमी झाला का, एवढेच पाहा. पाय आता वेगवेगळ्या उंचीवर टेकत असतील तर पुस्तक घ्या. काहीच हलले नसेल तर याच जातीचे दुसरे तपासा.

*सावधान:* न पाहता काढलेल्या बाह्यरेषेचे चित्र विचित्रच दिसते, रेषा एकमेकींना भेटत नाहीत. तो सराव नजर आणि हात एकाच संथ वेगाने चालवण्यासाठी आहे. त्या कागदावरून पुस्तकाची किंवा स्वतःची पारख करू नका.

टप्पा ७: परदेशी पुस्तक आपल्या घरात वापरताना

पुस्तकात नासपती, वाइनची बाटली आणि पांढरे अंडे असते. वस्तू बदलायला हरकत नाही, पण सराव कशासाठी आहे हे पाहून बदला.

छायाप्रकाशाच्या पहिल्या सरावाला बरेच जण हौसेने पितळी तांब्या किंवा समई ठेवतात आणि हात टेकतात. चकचकीत धातूवर खिडकी, भिंत, तुमचा सदरा, सगळ्यांची प्रतिबिंबे उमटतात आणि उजेड-सावलीची साधी उतरण दिसतच नाही. तिथे न चमकणारी वस्तू लागते: मातीची कुंडी, कोरे मडके, खडूची पूड लावलेला लिंबू. पितळ तीन-चार आठवड्यांनी. लंबवर्तुळांसाठी मात्र डबे, वाट्या, पातेली उत्तम, आणि तिरकस कोनांसाठी पाट व चौरंग.

रिकाम्या जागांच्या सरावाला खुर्चीनंतर सयाजीबागेतल्या वडाच्या पारंब्या घ्या. त्याच बागेतल्या वस्तुसंग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. फासळ्यांच्या मधल्या फटी काढत गेले की फासळ्या आपोआप उमटतात. या सरावाला इतका चांगला विषय शोधूनही मिळणार नाही. आत बसून रेखाटण्याची परवानगी तिकीट खिडकीपाशी विचारा, आणि चारकोल न नेता पेन्सिल न्या.

माणूस समोर बसवण्याचा सराव असेल तर सुरसागरच्या काठावर बसलेली मंडळी, खंडेराव मार्केटमधले भाजीवाले. एक मिनिटाच्या जेश्चरला तेवढी स्थिरता पुरते. दहा मिनिटांच्या सरावाला घरात वर्तमानपत्र वाचणारे आजोबा बरे. इमारतींसाठी मांडवी किंवा न्यायमंदिर गर्दी व्हायच्या आत, सकाळी लवकर. तिथेही तिप्पट अंतराचा नियम लावा, मांडवीच्या कमानीखाली उभे राहून मांडवी काढू नका.

उत्तरेच्या खिडकीतला उजेड दिवसभर स्थिर असतो, असे युरोप-अमेरिकेतली पुस्तके सांगतात. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनच्या आगेमागे सूर्य इथे उत्तरेकडून जातो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन येते, सावल्या सरकतात. तेव्हा पातळ पांढरा पडदा लावा किंवा रोज एकाच वेळी, ४५ मिनिटांपुरतेच बसा.

कागदाची मापेही बदलून घ्या. अमेरिकन पुस्तकातल्या १८ बाय २४ इंची कागदाऐवजी हाफ इम्पीरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच, चालतो; त्याहून लहान केलात तर खांद्यापासून हात फिरवायचे सराव मनगटाचे होतात. जेश्चरसाठी स्वस्त न्यूजप्रिंट भरपूर आणा. चांगला कागद पाहिला की हात आखडतो. पावसाळ्यात कागद दमट होऊन मऊ पडतो आणि पेन्सिल त्यात रुतते, म्हणून कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवा.

टप्पा ८: दुसरे पुस्तक कधी

पहिल्या पुस्तकातले निदान दोन तृतीयांश सराव झाल्यावर तिन्ही सुरुवातीची रेखाटने पुन्हा करा आणि नवा मुख्य दोष लिहा. दुसरे पुस्तक त्या दोषाचे. इमारतींच्या रेषा पळत असतील तर यथार्थदर्शनाचे, सगळे करडे येत असेल तर छायाप्रकाशाचे. शरीररचनेचे पुस्तक घाईने घेऊ नका: हाडे-स्नायूंची नावे पाठ झालेली असतात आणि समोरचा माणूस न पाहता तीच कागदावर उतरतात. खांद्याचा कोन पाहून बरोबर येऊ लागला, आणि तो तसा का दिसतो हा प्रश्न पडू लागला, की मग ते घ्या.

मध्येच अडलात तर नवे पुस्तक मागवण्याआधी दोन सराव मागे जा, वस्तू बदला, वेळ दुप्पट करा. पंधरा दिवस असे करूनही तोच दोष राहिला तर पाहून काढणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाला कागद आणि वस्तू दोन्ही दाखवा. नुसता कागद दाखवून चूक सापडत नाही, कारण वस्तू कुठून पाहिली होती ते कागदावरून समोरच्याला कळत नाही.